घरोब्याच्या गोष्टी : उतारवयाच्या हातास साजेसे पिस्तूल

खंडेनवमीस घरातील आयुधे मांडून त्यांची पूजा करण्याची चाल आमच्या घरी अद्याप पाळली जाते. ओटीवर पाट मांडून त्यावर वस्त्र अंथरावे, विळी, कोयता, सुतारकामाची हत्यारे, मुलांच्या लेखण्या आणि हल्लीच्या काळास अनुसरून त्यांची यंत्रेही मांडावीत, हळदकुंकू वाहावे, झेंडूची फुले घालावीत, असा हा साधा विधी. या पाटाच्या एका कडेस आमचे एक विलायती पिस्तूलही विराजमान होत असे. ते आम्हांस मातुलगृहाकडून वारसाने मिळालेले. कोकणातील आमची वाडी एकान्तात असल्यामुळे त्याचा परवाना आम्ही आजवर चालू ठेवला होता. ०.३२ बोअरचे, तळहातात मावेल एवढे ते चिमुकले शस्त्र. त्याचा आकार पाहून ‘म्हाताऱ्या माणसास हेच सोयीचे’ असे पाहणारा प्रत्येक जण म्हणे, आणि आम्हीही ते खरे मानीत असू.

गतवर्षीची गोष्ट. आम्ही रीतीप्रमाणे मॅगझिन काढून बाजूस ठेविले, पिस्तूल पाटावर मांडिले आणि ‘रिकामे आहे’ असे सर्वांस सांगितले. सूनबाई फुलांचे तबक घेऊन आल्या, परंतु फूल वाहण्यापूर्वी थबकल्या.

“मामंजी, वरचा भाग एकदा मागे ओढून दाखवता का? मुले जवळ आहेत.”

“अहो, रिकामेच आहे, सूनबाई. मॅगझिन हे इकडे आहे.”

“असेल, पण एकदा दाखवा.”

खोटे कशास सांगावे, आम्हांस थोडा राग आला. तो गिळून आम्ही स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, चिमटीत धरून ओढली. ती अर्धे बोट मागे आली आणि सुटून पुन्हा जागी बसली. दुसऱ्या वेळी तेच झाले, तिसऱ्या वेळी अंगठ्याच्या मुळात कळ आली. “स्प्रिंग कडक झालीसे दिसते,” आम्ही पुटपुटलो. आमचे धाकटे चिरंजीव स्वतः परवानाधारक असून नेमबाजीचा नित्य सराव ठेवणारे आहेत. त्यांनी मुलांस आत पाठविले, पिस्तुलाचे तोंड अंगणातील मातीच्या ढिगाकडे केले आणि एका झटक्यात स्लाइड मागे घेतली. आतून एक पिवळे काडतूस उडाले, ओटीवर घरंगळले आणि पाटाजवळच्या झेंडूच्या फुलांत जाऊन थांबले.

कोणीही बोलले नाही. काही महिन्यांपूर्वी वाडीवर आम्हीच ते भरले होते. परत निघताना स्लाइड पुरती ओढवेना, म्हणून केवळ मॅगझिन काढून आम्ही समाधान मानले होते. चेंबरात चढलेले एक काडतूस मॅगझिनबरोबर बाहेर येत नाही, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. परंतु हाताने कबूल न केलेली गोष्ट मनानेही सोयीस्करपणे विसरून टाकली. आणि स्प्रिंगेचे म्हणावे, तर स्प्रिंग वयाने कडक होत नसते. झालीच तर ढिली होते. बदलला होता तो आमचा हात.

तेव्हापासून वर्षभर या विषयाचा जो विचार आणि जी चौकशी आम्ही केली, तिचे सार आज वाचकांपुढे ठेवीत आहो. परवान्याचे शस्त्र बाळगणारी वडील मंडळी कित्येक घरांत आहेत. कोणी सैन्यातून निवृत्त झालेले, कोणी पेढीवाले, कोणी आमच्यासारखे वाडीबागायतीचे धनी. त्यांस, आणि त्यांच्याहीपेक्षा त्यांच्या घरच्यांस, हे उपयोगी पडावे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. उतारवय हा नेमबाजीस अडथळाच असतो असे नाही. उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यातल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर या आजीबाईंनी पिस्तूल प्रथम हाती धरले ते १९९९ साली, वयाची पासष्टी उलटल्यावर. नातीस सोबत म्हणून त्या नेमबाजीच्या वर्गास गेल्या होत्या, आणि तेथे सहज केलेल्या नेमाने त्यांनी शिक्षकास चकित केले. पुढे त्यांनी व त्यांच्या जाऊबाई प्रकाशी तोमर यांनी अनेक पदके मिळविली. चंद्रोबाई २०२१ च्या एप्रिलअखेर कोविडच्या साथीत निवर्तल्या. हात स्थिर व्हावा म्हणून त्या पाण्याने भरलेले भांडे हात लांब करून धरीत, असे सांगतात. भरलेला तांब्या प्रत्येक घरी असतो; तेव्हा हा व्यायाम कोणासही अवघड नाही.

परंतु चंद्रोबाईंच्या हाती होते ते खेळाचे, हवेच्या दाबावर चालणारे पिस्तूल, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १० मीटरांच्या स्पर्धेत अशा पिस्तुलाचे वजन दीड किलोपर्यंत चालते, आणि त्याचा चाप निदान ५०० ग्रॅम भार पेलणारा असला म्हणजे पुरे. म्हणजे शस्त्र जड आणि चाप हलका. खिशातल्या पिस्तुलाची रचना याच्या नेमकी उलट; शस्त्र हलके आणि त्याचे सर्व अवयव कडक. ‘लहान ते सोपे’ हा जो समज आम्ही वर सांगितला, त्याचे खोटेपण येथेच उघड होते. लहान पिस्तूल बाळगण्यास सोपे असते, चालविण्यास नव्हे. हे असे का, ते थोडे पाहू.

धक्क्याचा हिशेब शाळेतील पदार्थविज्ञानाचाच आहे. ०.३२ बोअरच्या पिस्तुलाची गोळी साधारण साडेचार ग्रॅम वजनाची. ती जितक्या संवेगाने पुढे जाते, तितक्याच संवेगाने पिस्तूल मागे येते. मग तेच काडतूस ४०० ग्रॅमांच्या पिस्तुलात घातले, तर ७०० ग्रॅमांच्या पिस्तुलापेक्षा ते पावणेदोन पट वेगाने तळहातावर आदळणार. संधिवाताने सुजलेल्या सांध्यांस हा फरक चांगलाच कळतो. शिवाय मूठ इतकी आखूड की करंगळीस आधारच राहत नाही. त्यामुळे धक्का सर्व बोटांत वाटला न जाता अंगठ्याच्या मुळाशी एकवटतो.

स्लाइडीची गोष्ट याहून महत्त्वाची. लहान बोअरच्या बहुतेक पिस्तुलांत नळी आणि स्लाइड यांस एकमेकांत अडकवून ठेवणारे कुलूप नसते. बार उडण्याच्या क्षणी मागची बाजू मिटलेली राहते ती केवळ स्लाइडीच्या वजनामुळे आणि स्प्रिंगेच्या जोरामुळे. आता शस्त्र लहान करण्यासाठी स्लाइड हलकी केली, तर स्प्रिंग अधिक कडक करणे भाग पडते. आणि ती कडक स्प्रिंग ओढण्यास बोटांना धरावयास जागाही कमीच उरते. मोठ्या पिस्तुलांत नळी स्लाइडीत अडकविण्याची युक्ती असते, त्यामुळे त्यांची स्प्रिंग तुलनेने मवाळ ठेवता येते. म्हणूनच एखादे भरदार पिस्तूल ज्या हाताने सहज उघडते, त्याच हातास चिमुकले दाद देत नाही.

अमेरिकेत, जेथे पिस्तुलांचा बाजार मोठा आहे आणि वृद्ध गिऱ्हाइकेही पुष्कळ, तेथील कारखानदारांस ही अडचण दिसून आली. स्मिथ अँड वेसन या जुन्या कंपनीने २०१८ साली ०.३८० बोअरचे एक पिस्तूल काढले आणि ‘सोपे’ या अर्थाचे ‘ईझी’ हे उपपदच त्याच्या नावास जोडले. त्याची स्लाइड थोड्या जोराने ओढता येते, मागच्या टोकास बोटे अडकतील असे उंचवटे आहेत, आणि मॅगझिन भरताना आतील स्प्रिंग खाली दाबून धरण्यास बाजूस बोटाची कळ दिली आहे. वजन सव्वापाचशे ग्रॅमांच्या आसपास. म्हणजे ते खिशातल्या सर्वांत लहान पिस्तुलांत मोडत नाही. इटलीच्या बेरेटा कारखान्याची युक्ती निराळी. तिच्या काही लहान पिस्तुलांची नळी एक कळ दाबताच मागच्या बाजूने वर उचलली जाते, आणि पहिले काडतूस स्लाइड न ओढता तीत ठेवता येते.

ही शस्त्रे आपल्याकडील सामान्य परवानाधारकास दुकानात जाऊन घेता यावयाची नाहीत. परदेशी शस्त्रे खासगी वापरासाठी आणण्याचा मार्ग १९८० नंतरच्या दशकातच बंद झाला; नामांकित क्रीडापटूंस तेवढी सवलत आहे. आपणांपुढे निवड असते ती मुख्यतः दोन प्रकारची. एक, सरकारी कारखान्यांतील देशी शस्त्रे. उदाहरणार्थ इशापूरचे ‘अशनी’ हे ०.३२ बोअरचे पिस्तूल, किंवा कानपूरच्या कारखान्याने २०१४ साली काढलेले ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर. दुसरी, पूर्वी देशात आलेली आणि हातोहात फिरणारी जुनी विलायती पिस्तुले. तथापि परदेशी कारखानदारांनी ज्या गुणांचा विचार केला, तेच गुण आपल्या निवडीतही शोधता येतात. म्हणून दुकानात नाव, किंमत आणि चकाकी पाहण्यापूर्वी पुढील परीक्षा घ्याव्यात. शस्त्र रिकामे असल्याची दुकानदाराकडून प्रथम खात्री करून घ्यावी, तोंड सुरक्षित दिशेस ठेवावे आणि बोट चापापासून दूर असावे, हे सांगणे नलगे.

पहिली परीक्षा स्लाइडीची. ती एकदा नव्हे, दहा वेळा सलग पुरती मागे ओढावी. पहिल्या वेळी ईर्ष्येने सर्वांनाच जमते. आठव्या वेळी खरा हात कळतो. चिमटीने ओढू नये. पिस्तूल छातीजवळ आणून डाव्या हाताची चारही बोटे आणि तळवा यांनी स्लाइड वरून घट्ट धरावी, आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलावी. ओढण्यापेक्षा ढकलण्यात खांद्याचे बळ कामी येते. हे करताना पिस्तुलाचे तोंड आडवे फिरून शेजाऱ्याकडे किंवा आपल्याच दंडाकडे वळते काय, ते पाहावे. वळत असेल तर ते शस्त्र आपले नव्हे. ज्या पिस्तुलास बाहेरून दिसणारा घोडा असतो, त्याचा घोडा आधी मागे चढविला म्हणजे स्लाइड बरीच हलकी होते. १९२९ साली जर्मनीत निघालेले वॉल्थर पीपी हे या प्रकारचे, सुमारे पावणेसातशे ग्रॅमांचे. म्हणून जुन्यांत ते वृद्धांस सोयीचे. उलट ब्राउनिंगच्या १९१० च्या पिस्तुलास घोडाच नाही, आणि शेवटची गोळी सुटल्यावर त्याची स्लाइड मागे अडकून राहण्याची सोयही नाही.

दुसरी परीक्षा मॅगझिनची. ते पूर्ण भरून पाहावे. शेवटची दोन काडतुसे बोटांचा अंत पाहतात. ते काढण्याची कळ अंगठ्याजवळ आहे की मुठीच्या तळाशी, हेही पाहावे. तळाशी असल्यास दोन्ही हात गुंततात.

तिसरी परीक्षा चापाची, आणि येथे रिव्हॉल्व्हराचा विचार करणे प्राप्त आहे. रिव्हॉल्व्हरास स्लाइड नाही, हा त्याचा मोठा गुण. ‘निर्भीक’सारख्या जातीचे रिव्हॉल्व्हर बिजागरीवर मोडून उघडते, रिकामी टरफले आपोआप वर येतात, आणि आत काही आहे की नाही हे घरातील कोणासही एका दृष्टिक्षेपात दिसते. आमच्या ओटीवर जो प्रकार घडला, तो अशा शस्त्राने घडला नसता. परंतु घोडा न चढविता नुसत्या चापाने बार काढावयाचा, तर सामान्यतः साडेचार ते साडेपाच किलोंचा जोर एका तर्जनीने लावावा लागतो. घोडा आधी चढविल्यास तोच जोर दीडदोन किलोंवर येतो. तात्पर्य, ज्याचा अंगठा आणि मनगट दुखते त्याने रिव्हॉल्व्हर पाहावे. ज्याची तर्जनी दुखते त्याने हलक्या चापाचे पिस्तूल पाहावे. आणि ज्याची दोन्ही दुखतात त्याने या लेखाचा शेवट वाचावा.

चौथी परीक्षा डोळ्यांची. चाळिशीनंतर जवळचे पुसट दिसू लागते, आणि नळीच्या टोकावरील नेमखूण असते हाताच्या अंतरावर. वाचण्याच्या चष्म्यातून ती नीट दिसत नाही, दूरच्या चष्म्यातूनही नाही. दुहेरी भिंगाच्या चष्म्यात तर मान मागे टाकून नेम धरावा लागतो. नेत्रवैद्यास हाताचे अंतर मोजून सांगितल्यास तेवढ्यापुरता निराळा चष्मा मिळतो. शिवाय मागची आणि पुढची नेमखूण यांतील अंतर लहान पिस्तुलात कमी असते. हे अंतर १० सेंटिमीटर असेल आणि नेम एका मिलिमीटराने चुकला, तर १० मीटरांवर गोळी १० सेंटिमीटर बाजूस जाते; तेच अंतर १५ सेंटिमीटर असेल तर सुमारे पावणेसात. कापणारा हात आणि पुसट दृष्टी असलेल्या माणसाने ही सवलत का सोडावी?

पाचवी गोष्ट त्वचेची. वयाने हाताची कातडी पातळ होते, आणि पुष्कळ वृद्ध रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेत असतात. फार लहान पिस्तुलाची मागे येणारी स्लाइड अंगठा व तर्जनी यांच्या मधल्या कातडीस चावते. तरुणाची जखम दोन दिवसांत भरते, वृद्धाची वाहत राहते. मुठीच्या वर मागच्या बाजूस हात झाकणारा पुरेसा उंचवटा आहे ना, हे पाहावे. सरावाच्या वेळी कानांस आच्छादन घालण्यास तर कधीच विसरू नये.

सहावी परीक्षा आम्ही शेवटी सांगत आहो, परंतु आमच्या मते तीच पहिली. भरलेले शस्त्र दुसऱ्या कोणाचीही मदत न घेता मला पूर्ण रिकामे करता येते काय? भरता येते आणि रिकामे करता येत नाही, असे शस्त्र घरात असणे म्हणजे विझविता न येणारा दिवा गवताच्या गंजीशेजारी ठेवणे होय. ज्या घरात नातवंडे खेळतात, त्या घरात या प्रश्नाचे उत्तर आजोबांच्या प्रतिष्ठेवर सोडता येत नाही.

आणखी एक नाजूक गोष्ट सांगितल्याविना हा विषय पुरा होत नाही. वार्धक्यात केवळ बोटेच थकतात असे नाही. कधी स्मृति दगा देते, कधी जोडीदाराच्या वियोगाने किंवा दीर्घ दुखण्याने मन खिन्न होते. अशा वेळी शस्त्र कितीही सोपे असले, किंबहुना जितके सोपे तितके, ते घरातून हलविणेच योग्य. पोलीस ठाण्यात अगर परवानाधारक विक्रेत्याकडे ते रीतसर जमा करता येते. मुलांनी हे वडिलांस सांगताना शब्द जपून वापरावेत. परंतु संकोचाने गप्प मात्र बसू नये. एरवीही शस्त्र कुलपात आणि काडतुसे निराळ्या कुलपात, हा नियम सर्वांसच लागू.

कायद्यानेही वयाचा विचार केलेला आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत अशी तरतूद आहे की, परवानाधारकास ७० वर्षे पूर्ण झाल्यावर, किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षे झाल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याने नामनिर्देश केलेल्या वारसाच्या नावे परवाना मिळण्यासाठी अर्ज करता येतो. म्हणजे मरणापर्यंत शस्त्र उशाशी धरून बसण्याची गरज नाही. जिवंतपणी, स्वतःच्या हाताने, मानाने ते पुढील पिढीकडे देता येते. वानप्रस्थाची कल्पना ज्या समाजात रुजलेली आहे, त्या समाजास ही रीत परकी वाटू नये.

आम्ही स्वतः काय केले, असे वाचक विचारतील. ते चिमुकले विलायती पिस्तूल आम्ही रीतसर परवानगी काढून विक्रेत्याच्या स्वाधीन केले. मातुलांची आठवण म्हणून मन थोडे जड झाले. पण आठवण ठेवण्यास त्यांची पत्रे आहेत. नंतर चिरंजीवांस बरोबर घेऊन दुकानात तीनचार शस्त्रे वरील परीक्षांस लाविली. एक हलके आणि देखणे पिस्तूल आमच्या मनात भरले होते. सहाव्या ओढीस त्याने आम्हांस नाकारले. शेवटी पसंत पडले ते त्याहून जवळजवळ दीडपट जड, बाहेर घोडा असलेले, करंगळीसही जागा देणारे. ते खिशात मावत नाही. परंतु दहाव्या ओढीसही पुरते उघडते.

त्याचबरोबर घरात एक ठराव झाला आहे. दरवर्षी खंडेनवमीस पूजेपूर्वी आम्ही सर्वांदेखत दहा वेळा स्लाइड ओढून दाखवावयाची. ज्या वर्षी ते जमणार नाही, त्या वर्षी सबबी न सांगता चिरंजीवांच्या नावे अर्ज करावयाचा. हा ठराव आम्हीच मांडिला, सूनबाईंनी तो आमच्या हिशेबाच्या वहीत लिहून काढला आणि खाली आमची सही आहे.

यंदाच्या खंडेनवमीस ते पिस्तूल पाटावर ठेविले, ते स्लाइड मागे अडकवून, आतील रिकामी जागा सर्वांस दिसेल असे. सूनबाई तबक घेऊन आल्या आणि नुसत्याच हसल्या. आम्ही म्हटले, “असे नाही, गेल्या वर्षी विचारलेत तसे विचारा.” मग त्यांनी विचारले, आम्ही दाखविले, आणि मगच फूल वाहिले गेले.